अकरावी गंजी थंड होती

१

जफरला मातीआड करून चार दिवस झाले, आणि चौथ्या दिवशी तो गुन्हेगार ठरला.

दिग्रसच्या जिनिंगचा मॅनेजर संजय सकाळी दहाच्या सुमारास घरी आला. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, खुर्चीच्या कडेवर टेकला, चहाला नको म्हणाला. जफरची आई खैरुनबी भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. धाकटी बहीण फरहा समोरच्या पलंगावर होती. संजयने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि कोणाच्या हातात द्यावा ते न कळून मधल्या स्टुलावर ठेवला.

"पोलिसांकडे याचीच एक प्रत गेली," तो म्हणाला. "मले वाईट वाटते, मॅडम. पण मशीन कायले खोटं बोलीन?"

जिनिंगच्या आवारात त्या दिवशी कापसाच्या चौदा गंज्या होत्या. यंदा कापूस उशिरापर्यंत येत राहिला, म्हणून एप्रिलातही आवार भरलेलं. ओला कापूस दाबून राहिला की आतल्या आत तापतो, धुमसतो, आणि वरून कोणाला काही कळत नाही. म्हणून प्रत्येक गंजीच्या पोटात एक सळई खुपसलेली असे. तिच्या तारा स्क्रीनरूममधल्या कॉम्प्युटरला जोडलेल्या. गंजी साठ अंशांच्या वर तापली की घंटा वाजणार.

आठ तारखेला दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी अकरावी गंजी पेटली. घंटा वाजली नाही. आवाराची वीज आणि तारा बघणारा जफर त्या आगीत गेला. रुपीबाई नावाच्या बाईचे दोन्ही हात भाजले.

"गंजी आतून तापलीच नाही, हे या कागदात हाय," संजय म्हणाला. "म्हणजे आग बाहेरून लागली. बाहेर जफर होता. अन् जफर बिडी ओढे, हे कोणाले माहीत नाही?"

फरहाला राग यायला हवा होता. ती वाट बघत राहिली, पण आला नाही. चार दिवसांत ती रडलीही नव्हती. कोणी ताट समोर ठेवलं की जेवत होती, कोणी झोप म्हटलं की आडवी होत होती. वडील गेल्यावर जफरने घर ओढलं, तिला शिकवलं, त्यापायी त्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं. हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिला सांगत, आणि ती दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट ऐकावी तशी मान हलवी.

संजय गेल्यावर खैरुनबींनी विचारलं, "बेटी, कागदात काय लिवलं?"

"आकडे आहेत, अम्मी. गंजीचं तापमान."

"वाच."

फरहाने वाचलं. "सकाळी आठला अडतीस. नऊला सदतीस. दहाला पस्तीस. अकराला एकतीस. बाराला सव्वीस. एकला बावीस. दोनला एकोणीस."

खैरुनबींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत. टीव्हीवर रोज तापमान सांगत. आगीच्या दिवशी यवतमाळला बेचाळीस होतं.

"दुपारी दोनले एकोणीस?" म्हातारीने विचारलं. "माह्या पोराच्या जागी थंडी होती का, फरहा?"

२

फरहा गावातल्या तंत्रनिकेतनात एकोणीस वर्षं सी प्रोग्रामिंग शिकवत होती. आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही हे विचारण्यापूर्वी आकडा कुठून आला ते विचारायचं, असं ती पहिल्याच तासाला सांगे. आईच्या प्रश्नाने ती उठली. दुःखाने नव्हे, सवयीने.

तिने कागद पुन्हा पाहिला. बाकीच्या तेरा गंज्या सकाळी तीस-बत्तीसवर होत्या आणि ऊन वाढलं तशा चाळिसाकडे गेल्या होत्या. एकटी अकरावी उलटी चालली होती. सगळ्यांच्या वर अडतीसवर सुरू झाली, आणि जसजशी आगीची वेळ जवळ आली तसतशी गार होत गेली.

दुसऱ्या दिवशी ती जिनिंगवर गेली. अकराव्या गंजीच्या जागी जमीन काळी पडली होती आणि त्यावर पाणी सुकून पापुद्रे आले होते. त्या जागेवरून ती चालत गेली. पाय अडले नाहीत, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

स्क्रीनरूम म्हणजे पत्र्याची खोली, एक कूलर, एक कॉम्प्युटर. खुर्चीवरची मुलगी तिला बघताच उभी राहिली. निकिता, तीन वर्षांपूर्वीची तिचीच विद्यार्थिनी. हुशार, अक्षर मोत्यासारखं.

"मॅडम," एवढंच ती म्हणाली.

संजयही मागून आला. "पाह्यून घ्या. तुमच्याच कॉलेजच्या बबलूनं बनवलं ना हे. आता पुण्याले हाय तो. महागावलेही शेठची दुसरी जिनिंग हाय, तथीही हेच चालते, जानेवारीपासून."

"इंटरनेटवरून चालतं?"

"नाही जी. शेठ म्हणे व्हायरस येते. पेनड्राइव्हवर टाकून नेलं निकितानं."

फरहाने विचारलं, "निकिता, सळई फक्त तापमान सांगते का?"

"नाही मॅडम. दोन तारा आहेत. एक तापमानाची, एक आतल्या हवेच्या ओलीची."

"आठ तारखेची ओलीची फाइल दाखव."

निकिताने माउस हलवला, थांबली. "ती नाही मॅडम. खराब झाली."

"सात तारखेची?"

"ती आहे."

"नऊची?"

"तीही आहे."

"फक्त आठची नाही."

"हाव, मॅडम."

संजय हसला. "नसली तर नसली. आग ओलीनं लागते का?"

फरहाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिच्या मनात एक साधी शंका होती. अकराव्या गंजीची तापमानाची तारच तुटलेली असेल तर? मग आकडे आले कुठून? तिने बाहेरच्या माणसाला तिसऱ्या गंजीची तापमानाची तार काढायला सांगितली. त्याने काढली. स्क्रीनवर तिसऱ्या गंजीपुढचा हिरवा आकडा गेला आणि लाल अक्षरं आली: तार तुटली.

"पाह्यलं?" संजय म्हणाला. "तार तुटली असती तर मशीननं सांगतलं असतं. नाही सांगतलं. म्हणजे आकडा खरा."

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. फरहाने तरी प्रोग्राम उघडायला सांगितला. निकिताचं बोट कळफलकावर जरा अडखळलं. दोनशे-सव्वादोनशे ओळी. प्रत्येक गंजीचं तापमान ठेवायला एक ॲरे, म्हणजे एकापाठोपाठ एक घरांची रांग. किती घरं, ते गंज्यांच्या संख्येवर. खाली एक लूप, त्या सगळ्या घरांत आधी शून्य भरणारा. मग वाचन. वाचन आलं नाही तर शून्य तसंच राहणार, आणि शून्य दिसलं की 'तार तुटली'. सगळं जिथल्या तिथे.

बंद करता करता तिची नजर फाइलच्या तारखेवर गेली. १० एप्रिल, दुपारी चार चाळीस.

आग आठ तारखेची.

"दहा तारखेला इथे कोण आलं होतं?" तिने विचारलं.

"दहाले?" संजय म्हणाला. "दहाले जिनिंग बंद होती. कुलूप होतं."

"किल्ली कोणाकडे?"

"एक माह्याकडे, एक हिच्याकडे. काहून?"

निकिता कूलरकडे बघत होती. "कोणी नव्हतं आलं, मॅडम," ती म्हणाली.

३

बबलूने फोन लगेच उचलला. आधी तो जफरबद्दल बोलला, चाचपडत. फरहाने त्याला बोलू दिलं, मग विचारलं.

"मॅडम, मी दिलं ते साधं होतं," बबलू म्हणाला. "तेव्हा आवारात दहाच गंज्या राहायच्या. मी दहा घरांचा ॲरे घेतला, अन् तिथल्या तिथे बरोबर-चिन्ह टाकून शून्य भरलं. एका ओळीत. लूप-बीप काही नव्हता."

"चौदा गंज्या?"

"चौदा तर त्यात मावणारच नाहीत. कोणीतरी बदललं असन. मी डिसेंबरपासून तिकडे आलोच नाही."

म्हणजे प्रोग्राम दोनदा बदलला होता. एकदा गंज्या वाढल्या तेव्हा, एकदा आगीनंतर. मधली आवृत्ती काय होती हे कोणीच दाखवणार नव्हतं. आगीच्या वेळी चालू होती ती नेमकी तीच.

संध्याकाळच्या आत ती तांड्यावर जाऊन आली. तांडा दिग्रसपासून चार किलोमीटर, बंजाऱ्यांची शंभरेक घरं. रुपीबाई ओसरीत बाजेवर बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. नवरा अमरसिंग तिला चमच्याने ताक पाजत होता.

"ये बाई, बस," रुपीबाई म्हणाली. "तुह्या भावानं मले जिवंत ठेवलं. मी तुह्या घरी याले पाह्यजे होतं."

"काय झालं ते सांगाल?"

"बारापासून वास येत होता. चिंधी जळल्यावानी. मी जफरभाईले म्हनलं. तो स्क्रीनच्या खोलीत पाह्यून आला. म्हने, रुपीबाई, अकरावी तर सगळ्यात थंड हाय. मंग आमी पुन्हा कामाले लागलो."

"नंतर?"

"जेवल्यावर पुन्हा वास आला, जास्त. त्याले चैन पडेना. म्हने, थांबा, हात घालून पाह्यतो. गंजीत कोपरापर्यंत हात घातला." रुपीबाईने तोंड फिरवलं. "असा वरडला बाई. हात ओढला तर आतून धूर. म्हने, पळा. आमी चौघी होतो. तिघीले त्यानं ढकलून देलं. मी मांगं राह्यली, माह्यावर गंजी आली. त्यानं मले ओढलं. मंग तो..."

अमरसिंगने ताकाची वाटी खाली ठेवली. "हे सगळं पोलिसाले सांगतलं हिनं," तो म्हणाला. "तो म्हने, मशीन थंड सांगते, तू गरम सांगते. मशीनले कोणाशी नातं नाही."

"बिडी?" फरहाने विचारलं.

"दम्यानं सोडली ना त्यानं. दोन वर्षं झाले. तुले माहीत नाही?"

फरहाला माहीत होतं. संजय घरात बसून बिडी म्हणाला तेव्हाही माहीत होतं. तेव्हा तोंडातून शब्द निघाला नव्हता, एवढंच.

परत येताना ती एकच गोष्ट घोळवत होती. गंजी आतून जळत होती, हे आता पक्कं. कॉम्प्युटर थंड सांगत होता, हेही पक्कं. मग एकोणीस हा आकडा कशाचा होता? कशाचा तरी होता. तो शिस्तीत उतरत गेला होता, अडतीसपासून एकोणीसपर्यंत. तुटलेल्या तारेचा आकडा असा पायरी-पायरीने उतरत नाही. आणि कोणाला तरी त्या दिवशीची ओलीची फाइल नको झाली होती. तापमानाची नव्हे. ओलीची.

महागावला जानेवारीत नेलेला प्रोग्राम दहा तारखेला कोणी बदलला असेल का? तिथे कोण जाणार होतं?

४

दुसऱ्या दिवशी पुसदला गाडी बदलून ती महागावला पोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते. फाटकावर तिने नाव सांगितलं. आवाराचा मुकादम धावजी स्वतः बाहेर आला.

"जफरभाईची बहीण?" त्याने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. "इथल्या सगळ्या तारा त्यानंच टाकल्या. चार दिवस माह्या घरी जेवला तो. या."

इथे नऊ गंज्या होत्या. धावजीला स्क्रीनवर फक्त रंग कळत. हिरवं असलं की बरं, लाल झालं की पळायचं. "रोज सकाळी ते निकिता मॅडम फोन करून आकडे विचारते," तो म्हणाला. "चार-पाच दिवसांपासून. आधी नव्हती करत. मी सांगतो, सगळं हिरवं हाय."

फरहाने प्रोग्राम उघडला. फाइलची तारीख जानेवारीतली. तिने ती ओळ शोधली. ॲरे होता, गंज्यांच्या संख्येइतका लांब. त्याच्यापुढे बरोबर-चिन्ह नव्हतं. खाली शून्य भरणारा लूपही नव्हता. घरं घेतली होती आणि तशीच वापरली होती, न झाडता.

तिने खुर्ची ओढली आणि बसली. न झाडलेल्या घरात काय असतं? काहीही, असं पोरं परीक्षेत लिहितात. पण काहीही नसतं. आधी जो राहून गेला त्याचं सामान असतं. आणि या प्रोग्राममध्ये तापमान वाचण्याच्या अगदी आधी काय वाचलं जात होतं?

ओल. तेवढ्याच घरांत. वाचून झालं की ती जागा मोकळी होई, आणि तीच जागा लगेच तापमानाला मिळे.

तिने स्क्रीनवर दोन्ही रांगा शेजारी-शेजारी लावल्या. पहिली गंजी, तापमान एकोणचाळीस, ओल एकतीस. दुसरी, चाळीस आणि तीस. तिसरी, एकोणचाळीस आणि तेहतीस. ती खाली उतरत गेली.

सहावी गंजी. तापमान सत्तावीस. ओल सत्तावीस.

"सहावी चांगली थंड हाय," धावजी मागून म्हणाला.

"पुढचा आकडा कधी येतो?"

"दर धा मिनिटानं."

ती थांबली. कूलरचा आवाज येत होता. धावजीने पाण्याचा ग्लास आणून ठेवला, तो तिने पिऊन टाकला. तहान होती की नव्हती, कळलं नाही. आकडे बदलले. पहिली गंजी, चाळीस आणि तीस.

सहावी. सव्वीस आणि सव्वीस.

"धावजीभाऊ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका सपाट होता की धावजीने पुढे वाकून ऐकलं. "सहाव्या गंजीजवळ कोणी आहे का?"

"बाया हायेत. सोळा-सतरा. तिच्याच सावलीत जेवून राह्यल्या."

५

धावजीने कारण विचारलं नाही. तो पळत गेला. फरहा मागून गेली. तो लांबूनच ओरडत होता, "उठा, उठा, डबे राहू द्या, तिकडे लिंबाखाली चाला!" बायका हसल्या, मग त्याचा चेहरा बघून उठल्या. एक म्हातारी डबा सोडेना, तिला दोघींनी दंडाला धरून नेलं.

सळईजवळ जाऊन धावजीने तारा पाहिल्या. ओलीची तार जागेवर होती. तापमानाची तार जोडापासून निसटून कापसावर नुसती पडलेली होती. ट्रॉली मागे घेताना ओढली गेली असावी.

तो हात पुढे करू लागला तशी फरहा म्हणाली, "हात नका घालू." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता.

त्यांनी लांब गज आणून आत खुपसला, थोडा वेळ ठेवला आणि बाहेर काढला. धावजीने त्याच्या टोकावर पाण्याचे थेंब टाकले. चर्र झालं.

मग नळ्या आल्या, पंप सुरू झाला. चारी बाजूंनी पाणी मारत माणसांनी गंजी फोडली. मधला कापूस चहासारखा तपकिरी झाला होता, त्याच्या आत काळा, आणि काळ्याच्या आत दोन-तीन ठिकाणी लाल. धूर उठला, पण ज्वाळा उठली नाही. तासाभराने चिखल आणि ओल्या कापसाचा राडा उरला. बायका लिंबाखालून बघत होत्या. कोणाला काही झालं नव्हतं.

धावजी डोक्याला हात लावून खाली बसला. "ताई, तो डब्बा थंड सांगत होता ना? मंग?"

"तुम्ही पाटीवर हिशेब करता ना, भाऊ?" फरहा म्हणाली. "कालचं पुसलं नाही आणि आज तिथे काहीच लिहिलं नाही, तर वाचणाऱ्याला काय दिसेल?"

"कालचंच."

"हो. तापमानाची तार तुटली, म्हणून त्या घरात काही लिहिलंच गेलं नाही. पण घर पुसलेलं नव्हतं, आणि त्यात आधीची ओल उरली होती. मशीनने तीच तापमान म्हणून वाचली. गंजी आतून जळायला लागली की आतली हवा कोरडी होते. ओल उतरते. जितकी आग जास्त, तितका आकडा कमी."

धावजीने रुमालाने तोंड पुसलं. मग म्हणाला, "म्हणजे ते जितकं जळे तितकं थंड सांगे."

"हो."

फरहाने दोन्ही रांगांचे फोटो काढले, निसटलेल्या तारेचा काढला, जानेवारीच्या फाइलचा काढला. धावजीला साक्षीला सही करायला लावली. दोन वाजताची पुसद गाडी तिला मिळाली.

६

निकिता घरी एकटीच होती. दार उघडून तिने फरहाला पाहिलं आणि बाजूला झाली, जणू वाटच बघत होती.

"महागावची सहावी गंजी आज फोडली," फरहा म्हणाली. "आत पेटली होती. कोणी मेलं नाही."

निकिता मटकन खाली बसली. ओढणी तोंडात कोंबून ती रडायला लागली. फरहा खुर्चीत बसून तिचं रडणं संपेपर्यंत थांबली.

"बबलू पुण्यात होता," मग फरहा बोलायला लागली. "त्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. म्हणजे दहा तारखेला ज्याने तो लूप टाकला तो त्या खोलीतच होता. किल्ल्या दोन. संजयला सीची एक ओळ येत नाही. राहिलीस तू. आठ तारखेची ओलीची फाइलही तूच उडवली, कारण ती तापमानाशेजारी ठेवली असती तर दोन्हीकडे अकराव्या गंजीचे आकडे सारखे दिसले असते. आणि महागावला रोज फोन करत होतीस, म्हणजे तिकडे काय होऊ शकतं हे तुला माहीत होतं."

"हाव, मॅडम."

"मला एवढंच कळलं नाही की पहिला बदल तू असा का केलास. तुला शून्य भरायला शिकवलं होतं मी."

निकिता डोळे पुसत उठली. कपाटातून एक वही आणली, जुनी, कव्हर घातलेली, आणि एक पान काढून समोर धरलं. मोत्यासारखं अक्षर. फरहाने वाचलं: बदलत्या लांबीचा ॲरे घेताना पुढे बरोबर-चिन्ह टाकून किंमत देता येत नाही. एरर येते. ते बरोबर-चिन्ह काढून टाका, एरर जाते.

पान तिथे संपलं होतं. मागचं कोरं होतं.

"जानेवारीत संजय सर म्हणाले, चौदा गंज्या झाल्या, आजच्या आज स्क्रीनवर दिसल्या पाह्यजेत," निकिता सांगत होती. "मी दहाच्या जागी गंज्यांची संख्या टाकली. एरर आली. वही उघडली. बरोबर-चिन्ह काढलं, एरर गेली. आकडे बरोबर दिसत होते. सगळ्या तारा चांगल्या होत्या ना तेव्हा. मले वाटलं, झालं."

"शून्य कसं भरायचं ते पुढच्या तासाला होतं."

"तो तास झाला नाही, मॅडम. तुम्ही इलेक्शनच्या ट्रेनिंगले गेलत्या. आल्यावर तुम्ही फाइल हँडलिंग सुरू केलं."

फरहाला तो आठवडा आठवला. सिलॅबस मागे पडला होता. एका तासाचं काय, असं म्हणून तिने पुढचा धडा उघडला होता. पोरांनीही विचारलं नव्हतं.

"आग लागल्यावर रात्रभर झोप नाही लागली," निकिता म्हणाली. "सकाळी पुस्तक काढलं, तेव्हा समजलं. मी सरांना जाऊन सांगितलं, नऊ तारखेलाच. म्हटलं, सर, जफरकाकाची चूक नाही. सर म्हणाले, तू जेलात जाशील. म्हणाले, नीट करून टाक, ओलीची फाइल उडव, अन् तोंड बंद ठेव. मी म्हटलं, महागावचं? तर म्हणे, तिकडे आता गेली तर लोक विचारतील काहून आली. सीझन संपायला पंधरा दिवस हायेत. तिथली तार कुठे तुटली?"

"आज तुटलेली होती."

बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला लावली, नळाला पाणी आल्याचा गलका झाला. फरहाने वही मिटली आणि तिच्या हातात परत दिली.

"चल," ती म्हणाली. "वही घे सोबत."

"मले अटक करतील?"

"माहीत नाही. मीही येते ना. माझंही सांगायचं आहे."

७

ठाण्यात लिहून घेणारा हवालदार मध्यमवयीन होता, लखीराम नावाचा. आधी त्याने कंटाळून ऐकलं. फोटो पाहिल्यावर खुर्ची पुढे ओढली. दोन आकड्यांच्या रांगा त्याने बोटाने तपासल्या, मग आत जाऊन साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी धावजीला फोन लावला, तो दहा मिनिटं चालला. त्यानंतर एक शिपाई संजयला आणायला गेला.

निकिताने सगळं सांगितलं. कोणावर ढकललं नाही, संजयचे शब्द जसेच्या तसे सांगितले. लखीराम लिहीत गेला.

मग फरहाची पाळी आली. तिने महागावचं सांगितलं, दिग्रसचं सांगितलं, दहा तारखेचं सांगितलं. शेवटी वहीचं पान समोर ठेवलं आणि म्हणाली, "हे मी शिकवलं होतं. अर्धं. उरलेलं अर्धं शिकवलं नाही."

लखीरामचं पेन थांबलं. "मॅडम, हे कायले लिवता? याले काही कलम नाही. कोणी विचारणारही नाही."

"लिहा."

"तुमच्याच भावाच्या केसमध्ये?"

"लिहा तुम्ही."

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. त्याने लिहिलं, वाचून दाखवलं. मयत जफर यांनी बिडी ओढल्याचा कोणताही पुरावा नाही, गंजी आतून पेटली, मयताने चार स्त्रियांना बाहेर काढले. हे वाक्य फरहाने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. त्याने दुसऱ्यांदा वाचलं.

"सही करा इथे," तो म्हणाला. "थांबा, वरचं एक राह्यलं." त्याने कागद फिरवून आपल्याकडे घेतला. "जबाब देणाऱ्याचं मयताशी नातं?"

फरहाने तोंड उघडलं. सोपा शब्द होता. गेल्या तीन दिवसांत ती कितीतरी बोलली होती, तापमान, ओल, तारीख, फाइल, सगळं एका सुरात. पण हा एक शब्द निघेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, आवाज निघाला नाही.

लखीराम पेन धरून थांबला. साहेब खिडकीकडे बघायला लागले.

"भाऊ," बाजूच्या बाकावरून निकिता म्हणाली. "सख्खा भाऊ होता. मॅडम लहान बहीण आहेत त्यांच्या."

लखीरामने ते लिहिलं. फरहाने सही केली, आणि तिच्या नावाचं शेवटचं अक्षर ओलं होऊन कागदावर पसरलं.